चाळणीवरचे दाणे

लातूर, १० नोव्हेंबर

चि. सौ. ऋतुजा,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडण उरकून घेते.

हे पत्र हरिओमच्या हाती पाठवतेय. त्याचा टेम्पो दर आठवड्याला उदगीरवरून देगलूरला येतोच, तर नवऱ्याबरोबर सासूची चिठ्ठीही येऊ दे. पाकीट खळीनं चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर त्याचा कान धर, माझी परवानगी आहे. फोन का करत नाही म्हणशील, तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मागे विहीणबाई भांडी घासायच्या थांबून ऐकत बसतात. मला माझ्या सुनेशी भांडायचंय, सगळ्या देगलूरशी नाही.

तर आता बोल. श्रावणात तू ताटातली भाकरी मोडलीस, नाकाला लावलीस आणि बाजूला ठेवलीस. "आत्या, कुबट वास येऊन राहिलाय. मी न्हाई खाणार," म्हणालीस. पोटुशी बाईला वास सोसत नाहीत म्हणून मी गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी तू कणगीतले दाणे ओंजळीत घेऊन हरिओमपुढे उभी राहिलीस. "हे काळे बघा, हे हिरवट बघा. हे घरातून जातील तवाच मी परत येईन." आणि ठरल्याच्या आधीच माहेरी निघून गेलीस. आता पोरगी झाली, ती हसायला लागली असेल, आणि मी तिला अजून फोनच्या काचेतच बघतेय.

तुला मोंढ्यातल्या धान्यबाजाराचा कायदा माहीत नाही म्हणून सांगते. बसवराजअप्पांच्या आडतीवर ज्वारी-मक्याचा माल उतरला की आम्ही बायका तो चाळणीवर घेतो. चांगला दाणा वर राहतो. खाली पडतं ते मातेरं, म्हणजे फूट, माती, किडका-काळा बारीक दाणा. ते चाळणाऱ्या बायकांचं. मजुरी वेगळी आणि मातेरं वेगळं, हा आमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. माझ्या सासूची चाळणीवरची जागा मला मिळाली, माझी तुला मिळाली असती. त्या जागेसाठी बायका भांडतात, आणि तू नाक मुरडून गेलीस.

मी मातेरं तसंच दळत नाही. पाखडते, निवडते, धुते, उन्हात वाळवते. हरिओम त्याच भाकरीवर वाढला. तुला तो लग्नात रोडका वाटला होता का?

यंदाच्या अवकाळी पावसानं शेतातच माल भिजला, म्हणून दाणा जरा जास्त काळा आहे, एवढंच. आणि हरिओम माझ्या खोकल्याचं काही सांगेल, ते मनावर घेऊ नकोस. मोंढ्यात कोण खोकत नाही?

पोरीचं बारसं तुम्ही लांबवलंत ते बरं केलंत. ते लातूरलाच होणार आणि पाळणा मी म्हणणार. आमच्या घरात पाळणा आजी म्हणते, अख्खा, मध्ये न थांबता. हरिओमचा माझ्या सासूनं म्हटला तेव्हा गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसली होती. तेव्हा मुकाट्यानं ये.

आशीर्वाद आहेतच. ते कुठं जातात?

तुझी आत्या,
सिंधु


लातूर, ३० नोव्हेंबर

चि. सौ. ऋतुजा,

फोटो मिळाला. नाक माझ्यावर गेलंय, विहीणबाईंना सांग. फोटोच्या मागे तू तीनच शब्द लिहिलेस, "दाणे गेले का?" शिकलेली सून केल्यावर असंच होणार, हे मला माझ्या जावेनं सांगितलं होतं.

तर ऐक. गेले. तुझ्यासाठी नाही, नातीसाठी. घरात आता दुकानातली टपोरी ज्वारी दळून येते. भाकरी इतकी पांढरी होते की मला ती दुसऱ्याच्या घरची वाटते.

पण अन्न टाकायचं पाप मी करणार नाही, हेही ऐकून ठेव. मी एक शेळी घेतलीय. चंद्री नाव ठेवलंय, कपाळावर ठिपका आहे. नात उष्टावली की तिला शेळीचं हलकं दूध लागेल, म्हणून आत्तापासून बांधून ठेवलीय. मातेरं चंद्रीला घालते. ती नाक मुरडत नाही. फुटका मका समोर ठेवला की मान वर करत नाही. म्हणजे तुझाही शब्द राहिला आणि माझा हक्कही राहिला. मी सातवीतच शाळा सोडली नसती तर वकील झाले असते.

चंद्रीचं दूध मी हळद घालून पिते, घशाला बरं असतं. त्याच दुधाचा खवा आटवून हरिओमबरोबर डबा पाठवलाय. तू अंगावर पाजतेस, तुला ताकद पाहिजे. खा. ह्यात भाकरी नाही, भांडण नाही.

मोंढ्यात मोठ्या दवाखान्याची माणसं आली होती, आम्हा चाळणीवाल्यांना तपासायला. केवळाबाई माझ्या चाळणीचं दुसरं टोक धरते, तुला माहीतच आहे, लग्नात तुझ्या मेंदीला नावं ठेवत होती तीच. तिनं मला हाताला धरून नेलं. एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. मी म्हटलं, "चूल तर दिसंना, फुंकू कशाला?" सगळे हसले. मग मी फुंकलं आणि नळी धरणाऱ्या दवाखान्यातल्या मुलींनी हसणं थांबवून पुन्हा फुंकायला सांगितलं. रक्तही घेतलं. काय निघालं ते विचारायला अजून गेले नाही. कामं असतात.

तिथं एक डॉक्टरीण आहे, मंजुश्री नावाची, उदगीरची. तुझ्याएवढीच असेल आणि तुझ्यासारखीच प्रश्न विचारते.

खवा कसा झाला ते कळव.

तुझी आत्या


लातूर, १७ डिसेंबर

ऋतुजा,

आज मला खोटं लिहायचं नाही.

कालचा फोन तू ऐकलास. हरिओम माझ्या शेजारीच उभा होता, त्याला मीच लावायला लावला. पण सगळं एका दमात तुला कळलं नसेल, म्हणून लिहिते.

केवळाबाईनं मला काल दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले. म्हणाल्या, छातीत धूळ बसलीय, नुसती मातीची नाही, बुरशीचीही. लिव्हरला थोडी सूज आहे. मग विचारलं, घरात कुठलं धान्य खाता? मी ताठ बसून सांगितलं की आधी मातेरं खायचो, आता सुनेच्या हट्टापायी बंद केलंय.

"हुशार सून हाय तुमची," त्या म्हणाल्या. "मग ते दाणे कुठं टाकले, मावशी?"

"टाकले न्हाईत, बाई. चंद्रीला घातले."

"चंद्री कोण?"

"माझी शेळी."

"आन तिचं दूध?"

"मीच पिते की, खोकल्याला. आन सुनेला खवा धाडला."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मला वाटलं, रागावणार. रागावल्या नाहीत, खुर्ची जवळ घेऊन सांगितलं. मक्यावर, शेंगदाण्यावर जी हिरवट बुरशी धरते, तिच्यात विष असतं. धुऊन ते जात नाही. ऊन दाखवून जात नाही. भाकरी कितीही भाजा, बरंचसं तसंच राहतं. आणि जनावराच्या पोटात गेलं तर दुधात उतरतं. म्हणजे मी जे दारातून बाहेर काढलं, ते दुधाच्या तांब्यातून परत आत आणलं, आणि वर तुझ्याकडे धाडलं.

मग मी धावत टेम्पोच्या अड्ड्यावर गेले. धावत म्हणजे काय, चार पावलं आणि खोकला. हरिओमनं फोन लावला. तू काय म्हणालीस ते मी जन्मभर विसरणार नाही. "डबा तर कवाच संपला, आत्या. बोटं घालून चाटून खाल्ला मी. तुमच्या हातचं लई दिवसांनी मिळालं."

पोरी, ज्या सुनेनं माझी भाकरी नाकारली तिनं माझा डबा चाटून खाल्ला, आणि मी नेमकी त्याच डब्यात ती घाण भरली होती. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि खोकला आला, तो थांबेचना. पाणी पाजलं तरी थांबेना. तू पलीकडून "आत्या, आत्या" करत होतीस आणि विहीणबाईही "काय झालं वो" म्हणत होत्या. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. मी पत्रं लिहिते ती तुझ्या स्पीकरमुळे नाही. मला दोन वाक्यांच्या पुढं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. गेल्या उन्हाळ्यापासून असंच चाललंय.

घाबरू नकोस. मी रडतच परत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एखाद्या डब्यानं तुला किंवा बाळाला काही होत नाही, तू अंगावर पाजत राहा, थांबवू नकोस. रोज-रोजचं, वर्षानुवर्षांचं खाणं आणि नाकातून जाणं वाईट. आमचं दोन्ही झालं.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. तुझे सासरे गेले तेव्हा लिव्हर खराब झालं होतं. ते मोंढ्यात पोती वाहायचे. शेषेराव हमालानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, पण माणूस लिव्हरनं गेला की लोक एकच कारण धरतात. तेराव्याच्या जेवणात मी पाठीमागे कुजबुज ऐकली. तुझ्या सोयरिकीच्या वेळी विहीणबाईंनीही हळूच विचारलं होतं, "मालक घेत होते का वो?" मी "न्हाई" म्हटलं आणि चहा आणायला उठले, पण तो प्रश्न मला आजवर टोचतो.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ह्यांचं तेच झालं असेल का? त्या म्हणाल्या, "मावशी, ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई. पण दारू न पिणाऱ्याचंबी लिव्हर जातं, आन हे विष त्याचं एक कारण असतंय."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. ह्यांच्यावरचा डाग थोडा तरी पुसला म्हणून, आणि भाकऱ्या माझ्याच हातच्या होत्या म्हणून. केवळाबाई शेजारी बसली होती. म्हणाली, "तू काय जाणून घातलंस व्हय गं? मीबी तेच घातलं माझ्या लेकरांना. ऊठ आता. रडून काय दाणे पांढरे व्हणार हायत?"

चंद्रीचं मातेरं कालच संध्याकाळी बंद केलं. उरलेलं खड्डा करून पुरलं. कोंबड्या उकरतील म्हणून वर फरशी ठेवलीय.

विहीणबाईंना ह्यातलं शेषेरावांचं तेवढं वाचून दाखव.

सिंधु


लातूर, १८ जानेवारी

चि. सौ. ऋतुजा,

तुझं पत्र मिळालं, तेही खळीनं चिकटवलेलं. सासूचं वळण लागलं म्हणायचं. विहीणबाईंनी माझ्यासाठी तीळ पाठवले आणि "चुकून बोलून गेले, राग ठेवू नका" असा निरोप दिला. ठेवला होता, आता नाही. तीळ निवडून बघितले, स्वच्छ आहेत.

मला डॉक्टरांनी चाळणीवरून उठवलंय. आता मी आडतीच्या बाहेर, मोकळ्या हवेत पोत्यांची तोंडं शिवते. औषधाचा फवारा तोंडात घेते. पहिल्यांदा घेतला तेव्हा चंद्री दचकली.

पण मी एकटी उठून काय उपयोग? बाकीच्या बायका अजून त्याच धुळीत आणि मातेरं पदरात. मी सांगायला गेले तर माझ्यावरच उसळल्या. "मातेऱ्यासाठी सगळ्यात मोठ्यानं भांडणारी तूच, आन आता आमच्या ताटात माती कालवून राहिलीस?" खरंच आहे. कुणी मातेरं कमी दिलं की मीच अप्पांच्या गादीसमोर पदर खोचून उभी राहायचे. घोडं अडलं ते इथंच. मातेरं सोडा म्हटलं तर हक्क जातो, आणि हक्क गेला की उद्या जागाही जाईल, ही सगळ्यांची भीती. माझीही होती.

नेमकं त्याच आठवड्यात अप्पांचा मक्याचा ट्रक परत आला. कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्यांनी मशिनीवर तपासला आणि बुरशीचं विष जास्त आहे म्हणून दारातूनच वळवला. अप्पा गादीवर डोक्याला हात लावून बसले होते, कपाळावरचं भस्मही घामानं ओघळलेलं. मी शिवणाची सुई पदराला टोचली आणि आत गेले. केवळाबाई मागून आली, मग बाकीच्याही आल्या, भांडण बघायला का होईना.

मी म्हटलं, "अप्पा, ट्रक का परत आला?"

"कोंबड्यांना चालत न्हाई म्हणे असला मका. कोंबड्या मरतेत म्हणे."

"आन त्याच मक्याच्या खालचं मातेरं आमच्या लेकरांना चालतं व्हय?"

अप्पांनी कपाळ पुसलं. माणूस वाईट नाही, गं. हिशेबी आहे, पण शेषेरावांना खांदा देणाऱ्यांत होता. म्हणाले, "मग काय करू, सिंधुबाई? मातेरं नको म्हणत असाल तर नका नेऊ. मी काय जबरदस्ती करून राहिलो का?"

हीच ती जागा होती जिथं हक्क जाणार होता. बायकांनी माझ्याकडे बघितलं. मला खोकला आला. सगळे थांबले. मी पाणी प्याले आणि म्हटलं, "हक्क सोडायला न्हाई आलो आम्ही. तोच हक्क, जागा बदला. चाळणीखालचं नको. चाळणीवरचं द्या."

अप्पा म्हणाले, "असं कुठं असतंय?"

केवळाबाई म्हणाली, "कोंबड्यांत असतंय."

बायका इतक्या हसल्या की अप्पांनाही हसू आलं, आणि हसलेल्या माणसाला मग नाही म्हणणं अवघड जातं. तरी घासाघीस झालीच. मातेरं जेवढं पडायचं तेवढी चांगली ज्वारी द्यायला ते तयार नाहीत, कमी देतात. पण स्वच्छ देतात, आणि चाळणीवरून, आमच्या डोळ्यांदेखत. चाळण्या आता आडतीच्या आत नाहीत, बाहेर शेडखाली लावल्यात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे धूळ पुढं जाते. इतकी वर्षं आम्ही सावलीकडे बघून उभ्या राहायचो, वाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही. दवाखान्यानं तोंडाला बांधायचे मास्क दिलेत. त्यात पान खाता येत नाही म्हणून केवळाबाई रोज दवाखान्याला शिव्या देते आणि रोज मास्क बांधते.

काळं मातेरं पुरायचं ठरलंय. सगळं पुरलं जातं असं म्हणणार नाही. दोघीजणी अजून पदराखाली नेतात, मी बघते. त्यांच्या घरी जाऊन बसते, तुझी गोष्ट सांगते, डब्याची. ती ऐकून एकीनं सोडलं. दुसरीही सोडेल, मी चिवट आहे.

तुला एक विचारायचं होतं, पण आत्ता नाही. आधी मला एक काम करून बघायचंय.

आत्या


लातूर, २० फेब्रुवारी

चि. सौ. ऋतुजा आणि माझी बिननावाची नात,

दोघींना अनेक आशीर्वाद. ह्यावेळी ते पहिल्या ओळीत लिहिलेत, कारण भांडण शिल्लक नाही.

घराची खबर देते. कणगी अंगणात काढून रिकामी केली, आतून-बाहेरून घासली, चांगलं ऊन दिलं. तरी तिच्या तळाला तो वास होता. मी नाक लावलं आणि मला पहिल्यांदा आला. तुला जो श्रावणात आला होता तोच. इतकी वर्षं मी तो वास माझ्या घराचाच समजत होते. मग ती कणगी ठेवलीच नाही. हरिओमनं पत्र्याची नवी कोठी आणलीय, झाकण घट्ट बसतं, खाली लाकडी फळी घालून भिंतीपासून लांब ठेवलीय. तुला ती जागा पसंत नसेल तर हलवू.

चंद्री आता कडबा, पाला आणि स्वच्छ भरडा खाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की खाणं बदललं की थोड्याच दिवसांत दूध स्वच्छ होतं. तरी उष्टावल्यावर नातीला काय पाजायचं ते त्यांना विचारूनच ठरवू, मी माझं डोकं चालवणार नाही. ह्याची दोघींनी नोंद घ्यावी.

रक्त पुन्हा तपासलं. लिव्हरची सूज उतरतेय. नळीत पुन्हा फुंकलं, तर ह्यावेळी त्या मुली हसल्या. छाती पूर्ण पहिल्यासारखी होईल का, हे त्या सांगत नाहीत, आणि मीही दोनदा विचारत नाही. चाळणीवर आता जायचं नाही. माझी जागा मी कुणाला देणार म्हणून मोंढ्यात चर्चा आहे. मी सांगितलं, माझ्या सुनेला शिवणाचं मशीन येतं, तिला तुमची चाळणी नको. ज्या बाईला गरज आहे तिनं घ्यावी, पण मास्क बांधून.

आता ते काम. महिनाभर रोज सकाळी चंद्रीला पाला टाकते आणि तिच्यासमोर उभी राहून पाळणा म्हणते. आधी पहिल्या कडव्यातच खोकला यायचा. मग दुसऱ्यापर्यंत गेले. चंद्रीनं इतकं ऐकलंय की तिला मधलं एखादं कडवं चुकलं तरी कळत असेल.

ऋतुजा, मला पत्राचं उत्तर पत्रानं नको. फोन लाव. स्पीकर चालू ठेव, विहीणबाईंना भांडी ठेवून जवळ बसू दे, शेजारच्याही येऊ देत. नातीला मांडीवर घे. मी पाळणा म्हणते, अख्खा. मध्ये खोकले तर येऊ नकोस, अजून थांब, मी समजून घेईन. नाही खोकले तर पिशवी भरायला घे. हरिओमचा टेम्पो धुऊन उभा आहे.

आत्या

ता. क. आज पत्र चिकटवायच्या आधी एकदा म्हणून बघितला. शेवटच्या कडव्यात, नाव घ्यायच्या जागी, मी अडकले. केवळाबाई साक्षीला होती, तिला विचार. तो खोकला नव्हता, रडू होतं. तेवढं धरू नकोस.